आधी आभार

दारव्ह्याच्या मैत्रेयीनं रक्तदात्यांची वेबसाइट बांधली, तेव्हा समाजातल्या पोरांनी एकच अट घातली होती. शिबिरात रक्त देणाऱ्याच्या हाती आधी गुलाबाचं फूल देतात, मगच पिशवी आत जाते. तसंच इथंही आधी आभार, मग पुढचं काम. मैत्रेयी मोठी हौशी. कुणीही यादी उघडली, की नाव देणाऱ्यांपैकी ज्यांचे आभार राहिलेत त्यांना एकेक करून धन्यवादाचे मेसेज जायचे आणि मग यादी दिसायची. दहा-वीस नावं होती तोवर कुणाचं काही अडलं नाही.

मग चौदा एप्रिल आली. जयंतीच्या मंडपात बाराशे जणांनी ‘बोलावलं की रक्त देऊ’ म्हणून नावं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयीनं ती सगळी चढवली आणि दुपारी एकला यवतमाळहून बसंतीबाईंचा फोन आला. या बाईंनी शाळेत तिला सात वर्षं खिचडी वाढली होती, आणि वाढताना हात कधी आखडला नव्हता.

“बाई, माह्यी लेक पायल बाळंतपणात अडली. चार वाजता आपरेशन हाये, ओ निगेटिव्ह रक्त पायजे, अन् इथं नाई म्हणते. तुह्यी यादी उघडूनच नाई राह्यली वो!”

मैत्रेयीनं पाहिलं. पडद्यावर एक मिनिट चक्र फिरलं आणि उमटलं, ‘गेटवे टाइमआउट’. म्हणजे दारावरच्या सर्व्हरनं आतल्या सर्व्हरची वाट पाहून हात टेकले होते. नेट ठीक होतं, पहिलं पान झटक्यात उघडत होतं. अडत होती ती फक्त यादी. तिनं दारावरच्याची वाट पाहायची मुदत पाच मिनिटं केली. पाच मिनिटांनी तेच.

शेजारचे नानाजी एसटीत नियंत्रक होते. खुर्चीत बसून ते सगळं पाहत होते.

“चौकशीच्या खिडकीवाल्याले कायले दटावतं? गाडी डेपोतून काहून नाई निघाली, ते पाह्य ना!”

मैत्रेयीनं आतल्या सर्व्हरची नोंदवही उघडली आणि कपाळावर हात मारला. आतला सर्व्हर बाराशे लोकांचे आभार मानत बसला होता! लोक पुन्हा पुन्हा पान उघडत होते, तसतसा तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. तिनं अडकलेली कामं तोडली, मेसेज मागच्या रांगेत ढकलले, यादी पुढं घेतली. दोन सेकंदांत नाव आलं: गोविंदा, ऑटोवाले, यवतमाळ, ओ निगेटिव्ह.

मैत्रेयीचा फोन जाताच गोविंदा सवारी उतरवून वीस मिनिटांत दवाखान्यात पोचला.

संध्याकाळी बसंतीबाईंचा फोन आला, रडत रडतच त्यांनी सांगितलं. पायल सुखरूप होती, मुलगी झाली होती. मैत्रेयीही रडली. त्या खिचडीचं ऋण आज थोडं तरी फिटलं, असं तिला वाटलं. नानाजींच्या ती पायाच पडली.

“माह्या काय पाया पडतं? गाडी तं तूच काढली,” नानाजी म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात गोविंदाचा फोन.

“ताई, तुमचा धन्यवादाचा मेसेज आत्ता आला. लय उशिरा धाडता बाप्पा तुमी!”

“दादा,” मैत्रेयी म्हणाली, “तो उशिरा आला, म्हणूनच तुमी येळेवर पोचले.”

आणि मग, मशीनवर न सोडता, तिनं स्वतःच्या तोंडानं त्याचे आभार मानले.