मागच्या रांगेतल्या शकुताई

घाटकोपर पूर्वेच्या त्या वस्तीत शकुताईंचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. रविवारी सकाळी विहारात वंदना त्याच घ्यायच्या, गेली अठरा वर्षं. आणि बाकीचे दिवस शाळेच्या बसमध्ये मुलांवर डाफरायच्या. बसमधली मावशी म्हणजे काय दरारा!

मे महिन्यात त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी सुनेला, तेजलला, हाक मारली, तर तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे. सहा महिन्यांत सुधारेल, कदाचित नाहीही सुधारणार.

मुलगा चैतन्य घरी भिंतीकडे तोंड करून बसला. "आई, तुझं कसं होणार गं?" शकुताईंनी मोबाइल घेतला आणि एका बोटाने टाइप केलं, 'गाठ साधी निघाली ना? मग आता भात लाव, भूक लागलीय.' तो रडता रडता हसला.

एकट्या असताना मात्र त्यांनाही भीती वाटायची. पहाटे उठून त्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या आणि डोळे मिटून मनातल्या मनात वंदना म्हणायच्या. मागायच्या काहीच नाहीत. तिथे मागायचं नसतं, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं होतं. पण हळूहळू श्वास शांत व्हायचा आणि वाटायचं, आजचा दिवस तर आपल्या हातात आहे. तेवढ्यावर त्या उठून कामाला लागायच्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बसचा ड्रायव्हर अंबादास म्हणाला, "मावशी, चाळीस पोरं आहेत. ओरडणार कोण? वाट लागेल आपली." शकुताईंनी आठ बोटं दाखवली. आठ दिवस बघ.

पहिल्या दिवशी खरंच वाट लागली. पाण्याच्या बाटल्या उडाल्या, एकाचा बूट खिडकीबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी शकुताई दारापाशी उभ्या राहिल्या आणि चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कानाशी वाकून नुसत्या श्वासाने त्याचं नाव घेऊ लागल्या. पोरांना ते भलतंच आवडलं. तीही कुजबुजत उत्तरं देऊ लागली. मावशी काय म्हणते ते ऐकायचं तर गप्प बसावंच लागायचं. आठवडा संपता संपता अंबादास म्हणाला, "बारा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या गाडीचं इंजिन ऐकू आलं. खडखडतंय हो, दाखवायला पाहिजे."

विहारात मात्र प्रश्न होता. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रविवारी सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, तेव्हा त्यांनी तेजलचा हात धरून तिला पुढे बसवलं. "आई, नको ना! मला नाही जमणार," ती पुटपुटली. पाली शब्दांवर ती अडखळायची. अडली की शकुताई शेजारून ओठ हलवून दाखवायच्या. रविवारमागून रविवार गेले. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी होणाऱ्या ग्रंथवाचनालाही तेजलच बसू लागली. ऑफिसमधून दमून यायची, तोंडावर पाणी मारायची आणि निघायची.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी गॅसवर दूध तापत होतं. "अगं, उतू चाललं!" शकुताई म्हणाल्या. तेजल दुधाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत राहिली. दूध सगळं गेलं. आवाज परत आला होता. जाडाभरडा, घोगरा, पण आवाज!

त्या रविवारी विहाराच्या मंडळाचे भीमराज हात जोडून म्हणाले, "शकुताई, या. तुमची जागा सांभाळा." तेजल लगेच उठली, पण तिचा चेहरा जरासा उतरला. शकुताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बस गं तू," त्या म्हणाल्या. मग भीमराजांकडे वळल्या. "भाऊ, अठरा वर्षं मी वंदना म्हणत होते, ऐकली कधीच नव्हती. हे सहा महिने ऐकली. फार बरं वाटतं. आता ऐकू द्या की मला."

आणि त्या मागे बायकांच्या रांगेत जाऊन बसल्या. तेजलने सुरुवात केली. आज ती कुठेच अडली नाही. शकुताईंनी हळूच आपला सूर तिच्या सुरात मिसळला. शेजारी बसलेली माणिक वस्तीत नवीनच राहायला आली होती. तिने वाकून विचारलं, "ताई, सर्दी झालीय का?"

शकुताईंनी हसू कसंबसं दाबलं, मान डोलावली आणि पुढचं म्हणत राहिल्या.