वाकोल्याच्या वाचनालयातला बोलका संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाकोल्याच्या एका लहानशा वाचनालयात, दारालगतच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझी एक कळ निखळली आहे, पण मला भंगार म्हणाल तर खबरदार! आधी दहा वर्षं मी एका कचेरीत पत्रं टाइप केली. तिथे नवे संगणक आले आणि मला इकडे देऊन टाकलं. निघताना कोणी वळूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

इथे मला दशरथकाका भेटले. ते मूळचे मालवणचे, इथले ग्रंथपाल. मधुमेहाने त्यांची नजर पूर्ण गेली होती. मग श्रुतिका या आमच्या वाचक मुलीने माझ्यात पडदा वाचणारा प्रोग्राम बसवला. काका कळ दाबायचे आणि समोर आलेल्या बटणाचं नाव मी मोठ्याने वाचायचो. माझा आवाज घोगरा, तरी त्यावर काका एकट्याने पुस्तकं द्यायचे-घ्यायचे. "झील माझो आयकणा नाय, पण ह्यो आयकता," म्हणजे मुलगा ऐकत नाही पण हा ऐकतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला काय अभिमान वाटायचा!

पुढे वाकोला, मुलुंड आणि गोराई इथल्या तीन वाचनालयांनी पुस्तकांची यादी एक करायचं ठरवलं. त्यासाठी श्रुतिका आणि तिचा मित्र यज्ञेश यांनी नवा प्रोग्राम लिहायला घेतला. तो फुकट होता आणि त्याचं आतलं लिखाण सर्वांना खुलं होतं. तिन्हीकडचे संगणक वेगवेगळ्या जातीचे, तरी प्रोग्राम सगळीकडे चालायला हवा होता. आता बटणं, याद्या, खिडक्या कोणी मुळापासून घडवत बसत नाही. त्यांचं तयार सामान मिळतं, त्याला टूलकिट म्हणतात. ते कोणतं घ्यायचं, यावरून दोघांत जुंपली.

"हे बघ ना, काय झकास दिसतंय!" यज्ञेश म्हणाला. "तुझं ते दुसरं म्हणजे सरकारी फॉर्म आहे, यार."

मुलुंडकरांनाही ते देखणं टूलकिटच आवडलं. शेवटी श्रुतिकानेही मान डोलावली. मला आणि काकांना कोणी विचारलंच नाही.

प्रोग्राम माझ्यात बसवला. काकांनी कळ दाबली. मी गप्प. पुन्हा दाबली. मी गप्पच. अहो, त्या टूलकिटने बटणांची नुसती चित्रं रंगवली होती, त्यांची नावं माझ्यापर्यंत पोहोचवलीच नव्हती. मी वाचणार काय, कपाळ?

वाचनालयाचे अध्यक्ष नंदकिशोर यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "दशरथराव, खूप केलंत. आता आराम करा. पुढच्या महिन्यापासून इथे दुसरं कोणी बसेल."

"माका आराम नको," काका म्हणाले. "माका ह्येचो आवाज व्हयो."

श्रुतिकाने माझा पडदा बंद केला. "यज्ञेश, आता मला एक पुस्तक देऊन दाखव."

तो चाचपडला. तीन कळा दाबून थांबला. "वाट लागली. चुकलं गं माझं."

"आपलं चुकलं. टूलकिट बदलायचं. पुढच्या रविवारी सभा आहे, त्याआधी."

"दहा दिवसांत?"

"आतलं तसंच राहील, फक्त चेहरा बदलायचाय. बस कामाला."

दोघं रोज पडदा बंद ठेवून प्रत्येक बटण तपासायची. हे दुसरं टूलकिट माझीच साधी बटणं वापरायचं आणि त्यांची नावं मला सांगायचं. मीही हट्टाला पेटलो. पंखा घरघरला, अंग तापलं, पण एकदाही बंद पडलो नाही.

रविवारी भर सभेत नंदकिशोर यांनी एक कादंबरी काकांपुढे ठेवली. "द्या बघू मला ही."

काकांनी त्यांचा सभासद क्रमांक विचारून कळा दाबल्या. मी खणखणीत वाचलं, "सभासद नंदकिशोर. आधीचं पुस्तक परत आलेलं नाही. मुदत संपून पाच महिने."

सगळी सभा हसली. काकांनी कादंबरी शांतपणे आपल्याकडे ओढली. "आधी ता हाडा, अध्यक्षानूं. मगे ह्या गावतला." म्हणजे आधी ते आणा, मग हे मिळेल! काकांना उठवायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही घडवाल. ते देखणं जरूर करा, पण आधी एकदा डोळे मिटून वापरून बघा. आणि एखाद्याला ते वापरता आलं नाही, तर त्याला खुर्चीतून उठवू नका. आपली वस्तू दुरुस्त करा.