गोड्या पाण्यातला उजेड

आमच्या घरात कोणी मुंगीसुद्धा मारत नाही. गुळाच्या व्यापाऱ्यानं हे सांगावं म्हणजे मुंग्यांनाच हसू येईल, पण अव्वाचा, म्हणजे माझी आई नीलम्मा हिचा, नियम तोच. अशा घरात माझ्या बायकोनं, सुष्मितानं, समुद्रातले किडे स्पिरिटच्या बाटलीत भरायचं काम आणलं. अंधारात चमकणाऱ्या समुद्री किड्यांवर तिला पीएच.डी. करायची होती. तीही कोल्हापुरात बसून. लग्न ठरतानाच तिनं हे सांगितलं होतं. मला वाटलं, पुढं विसरेल. मी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बघून प्रत सांगतो, माणसांच्या बाबतीत कच्चा आहे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत ती मालवणहून एक किडा घेऊन आली. बोटाच्या पेराएवढा, पाठीवर दोन ओळींत खवले. तसले दोनच सापडले होते. एक तिनं तिथंच स्पिरिटमध्ये घातला. दुसरा जिवंत, बरणीत समुद्राच्या पाण्यासकट, एसटीत मांडीवर धरून गगनबावड्याच्या घाटातून आणला. ही जात नवी आहे, कुठल्याच पुस्तकात नाही, एवढं खवल्यांच्या ठेवणीवरून नक्की झालं होतं. अडलं होतं ते पुढं. किडा दोन घराण्यांच्या मधोमध बसत होता. एक घराणं डिवचलं की चमकतं, दुसरं चमकत नाही. हा कुठला, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आमच्या गोदामात भरदुपारीही स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून बरणी तिथं ठेवली. सुष्मिता कॉलेजातून कॅमेरा आणायला गेली. परत येऊन बघते तर किडा मेलेला, खवले तळाशी गळून पडलेले.

“आपोआप मेलं,” अव्वा म्हणाली.

सुष्मिता रडली. मी म्हणालो, दुसरा आण. असली वाक्यं मला अगदी वेळेवर सुचतात. दुसरा काही मिळेना. पुढचे तीन हिवाळे ती ओहोटीला गुडघाभर पाण्यात दगड उलटून बघायची आणि रिकामी बरणी घेऊन घरी यायची. एकदा मीही गेलो. खेकड्यानं माझा अंगठा धरला, तेवढंच माझं संशोधन. अव्वा मात्र दर वेळी दारातच विचारायची, “घावला काय गं?” नाही म्हटलं की मुकाट्यानं आत जाऊन बसायची. मला वाटायचं, सुनेची काळजी.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात जेवताना सुष्मिता म्हणाली, “आता थांबण्यात अर्थ नाही. न चमकणाऱ्यांत घालून टाकते. माझे गाइड सर म्हणतात तेच बरोबर, कुणी न बघितलेला उजेड लिहिता येत नाही.”

अव्वानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“त्याला उजेड हाय,” ती म्हणाली. “मी बघितलाय.”

“कधी?” सुष्मितानं विचारलं.

“त्या दिशी बरणीत बोट बुडवून चाखलं. निस्तं मीठ. म्हटलं, मुक्या जिवाला कसल्या पाण्यात कोंडलंय. ते पाणी काढलं आन् पिण्याचं चांगलं पाणी घातलं. तर ते वळवळाय लागलं आन् पेटलं. मी मारलं त्याला. इतकी वर्सं तोंडातनं निघंना.”

पंचगंगेच्या पाण्याला जगात तोड नाही असं मानणाऱ्या गावातच हे होऊ शकतं. मला अव्वाचा भयंकर राग आला. सुष्मिता लाल झाली, उठून आत गेली. थोड्या वेळानं तोंड धुऊन आली आणि अव्वाशेजारी बसली.

“अत्ती,” सासूला ती असंच म्हणते, “उजेड कुठनं सुरू झाला?”

“आदी मला शिव्या दे की.”

“नंतर देते. कुठनं?”

“डोस्क्याकडनं. एकेक खवला लागत गेला, पार शेपटापतोर. हिरवा. मग खवलं गळालं, तरी खाली चमकतच व्हतं. किडा विझला, खवलं न्हाय विझलं.”

सुष्मिताचे डोळे भरून आले. गळालेला खवला चमकत राहतो, हीच तर चमकणाऱ्या घराण्याची खूण. ती तिनं घरात कुणाला सांगितली नव्हती, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तिच्या सरांनी आधी नाक मुरडलं. मग स्वतः घरी येऊन अव्वाला उलटसुलट विचारलं आणि जाताना म्हणाले, उजेड लिहा, पण कुणी आणि कसा बघितला तेही लिहा.

पुढच्या वर्षी निबंध छापून आला, इंग्रजीत. सुष्मितानं एका ओळीवर बोट ठेवून अव्वाला दाखवलं.

“काय लिवलंय?”

“उजेड नीलम्मांनी बघितला.”

“आन् मी मारलं, ते?”

“तेही आहे. त्यांनी गोडं पाणी घातल्यावर मेला.”

अव्वानं ती पानं कपाळाला लावली आणि परत दिली.

“खरं हाय ते. आता शिव्या दे.”

मला वाटलं, सुष्मिता हसेल. ती हसली नाही.

“तीन हिवाळे, अत्ती,” ती म्हणाली. “तीन हिवाळे मी त्या पाण्यात उभी होते.”

“व्हय,” अव्वा म्हणाली, आणि सुष्मिताचं बोलून संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.