घोंगडीचा तुकडा

"कात्री चालंना, सुके. इळा आण."

मी विळा दिला. आईनं घोंगडी गुडघ्याखाली दाबली आणि कडेनं कापायला घेतली. घोंगडी आज्ज्याची, तात्याबाची. मेंढरं विकली त्या वर्षीच्या शेवटच्या लोकरीची. आईनं त्याला आधी विचारलं होतं, "मामा, ह्यातला बसकराएवढा तुकडा घिऊ का?" तो म्हणाला, "घी की," आणि काठी उचलून बाहेर गेला.

हे सगळं बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमुळं. तिथं परदेशात पाठवायच्या गोधड्या शिवायला बायका घेणार होते. तिथल्या अनिता मॅडमनी नमुन्यासाठी पांढरं कापड दिलं आणि बजावलं, एकूण एक जोड इस्त्रीनं बसवलेला पाहिजे. नमुना पास झाला तर बारा महिने पंख्याखाली बसून काम. नाहीतर आहेच उसातलं खुरपणं. वाकून वाकून आईची कंबर गेली होती. रात्री कूस बदलताना ती दात आवळायची, ते मला ऐकू यायचं.

मॅडमच्या टेबलावरचं सामान सगळं बाहेरचं. खुणा करायची पेन्सिल, डब्यातला खळीचा फवारा, इस्त्रीखाली जाड लोकरीची गादी. गादी कुठं मिळते असं आईनं विचारलं तर मॅडम नुसत्या हसल्या. माझं डोकं फिरलं. आई मात्र वडगावला परत येताना एसटीत म्हणाली, "लोकर ती लोकर. धनगराच्या घरात लोकरीला काय तोटा हाय?"

मग पेन्सिलीच्या जागी अंगाच्या साबणाची झिजलेली चिपटी आली. मापाला माझ्या कंपासपेटीतला गुण्या. नववीतनं शाळा सोडली, तिचा एवढाच उपयोग झाला. फवाऱ्याला भाताची पेज, फडक्यातनं गाळून. इस्त्री म्हणून पितळी तांब्या, आत निखारे. शेजारची छबूबाई दारातनं बघत होती.

"सारजे, गोधडीचं लगीन लावती का काय? हळद तेवढी ऱ्हायली."

"आन की मग. तूच करवली हो."

आई हसत होती. तिला असं हसताना मी लई दिवसांनी बघितलं.

न्यायच्या दिवशी सकाळी वरनं एक शेवटची इस्त्री राहिली होती. आईनं गोधडी तुकड्यावर सुलटी घातली, पाणी शिंपडलं आणि तांब्या दाबत नेला. चर्र आवाज, वाफ. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. ओलसर होती तशीच घडी घातली आणि पळालो. मॅडमला दाखवायला तुकडापण पिशवीत घेतला.

मॅडमनी वरची बाजू बघितली. "टाके छान आहेत हं." आईनं पदर सावरला. मग त्यांनी गोधडी उलटली.

मागं डाग होते. चहासारखे, गोल गोल, तांब्याच्या बुडाएवढे. कापड ओलं होतं तोवर काहीच दिसलं नव्हतं.

"हे काय?"

"सकाळी नव्हतं, मॅडम."

"मग काय रस्त्यात आलं?"

मागं उभ्या बाया हसल्या. आई पदराला थुंकी लावून डाग घासायला लागली. मला बघवेना.

"धुतल्यावर जातंय ते," मी म्हणाले.

"गिऱ्हाइकानं धुऊन घ्यायचं का?"

आईनं घाईनं तुकडा काढला. "ह्याच्यावर शिवणी लई सपाट बसत्यात, मॅडम. बघा तरी." मॅडमनी एक चिंधी ठेवून कोरडीच इस्त्री फिरवली. चिंधी उचलून बघितली. परत फिरवली.

"चांगलंय की. हे इथं राहू दे. अख्ख्या टेबलाएवढं मिळेल का?"

"मिळंल की. आन माझं काम?"

"बघू. निरोप पाठवते."

मी तुकडा ओढला. "आमचा हाय त्यो."

आईनं माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. "ठिव तितं."

ठेवला.

घरी आज्ज्यानं गोधडी अंगणात पसरली. एका डागाला नाक लावलं.

"खळ हाय ही, चिंचोक्याची. दर दिवाळीला लावतो म्या, घोंगडी ताठ ऱ्हावी म्हून. तुकडा आदी धुवून घ्यायचा व्हता."

मी उसळले. "मग तवाच सांगायला काय झालतं, आज्ज्या?"

"कापताना बघवना, पोरी. म्हून भायेर गेलतो."

आईनं गोधडीची घडी घातली आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पाणी भरायला पाइपाजवळ गेले. आज्ज्यानं उरलेली घोंगडी फरशीवर अंथरली होती. धोतर खोचून, भिंतीला धरून तो ती पायानं तुडवत होता. तांबूस पाणी नालीकडं चाललं होतं.

आई खुरपं घेऊन निघाली होती. ती थांबली.

"मामा, पाय गारठतील."

"त्या बाईचा निरोप आला, तर तयार असू दी."

निरोप यायचा नव्हता, ते मला कळत होतं. आईलापण कळत असणार. ती खुरपं काखेला मारून उसाच्या वाटेला लागली. आज्ज्यानं घोंगडी उलटली आणि दुसऱ्या बाजूनं तुडवायला लागला.