दगडाची तहान

भागम्माच्या घरी पाण्याचं माप नळाला नव्हतं, नवऱ्याला होतं. दिवसाला सातशे मिली.

रोज सकाळी ती एक जुनी बाटली गाळलेल्या पाण्यानं भरायची. बाटलीवर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तीन तुकडे लावलेले होते. पहिल्यापर्यंतचं सकाळी, दुसऱ्यापर्यंतचं दुपारी, राहिलेलं रात्री. चहा त्यातूनच, गोळ्या त्यातूनच आणि लिंगपूजा झाल्यावर शंकरप्पा घेत ते चमचाभर तीर्थही त्यातूनच. देवालाच सूट नाही म्हटल्यावर माणसाची काय कथा! दोन वर्षांपूर्वी शंकरप्पांच्या किडन्या निकामी झाल्या आणि मंगळवार-शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. नौबादच्या घरून रिक्षानं दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला पडून राहायचं, पिळून काढल्यासारखं परत यायचं. मशीन शंकरप्पांना लागायचं, पण थकायची दोघंही. भागम्मा अठ्ठावन्नची होती आणि सकाळी उठतानाच तिला दिवस संपल्यासारखा वाटायचा.

संक्रांतीला तर जीवावरचंच दुखणं झालं. ती तिळाची पोळी लाटत होती आणि शंकरप्पा न्हाणीत जाऊन ड्रममधलं दोन मग पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी धाप लागली, ओठ निळे पडले. छातीत पाणी साचलं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर तिला म्हणाले, "पुन्हा असं झालं तर इथपर्यंत पोचतीलच असं सांगता येत नाही." ते वाक्य तिच्या कानात घर करून बसलं. तेव्हापासून तिनं न्हाणीतल्या ड्रमवर फळी आणि फळीवर वरवंटा ठेवला. ते आत गेले की ती दाराशी उभी राहून कानोसा घ्यायची. बायको कमी आणि पहारेकरी जास्त झाली होती, आणि हे तिचं तिलाच आवडत नव्हतं.

ती स्वतः त्यांच्यासमोर कधी पाणी प्याली नाही. माठ तिनं मागच्या पडवीत नेऊन ठेवला. स्वयंपाकघराचं दार लोटायची, तांब्या तिरका धरून कडेनं पाणी सोडायची म्हणजे आवाज होत नाही, आणि घाईनं दोन घोट घ्यायची. पोटभर पाणी प्यायची सवयच मोडली होती. डोकं दुखायचं, तळपाय जळजळायचे. पण ज्याचा घसा कोरडा आहे त्याच्यासमोर घटाघटा प्यायचं, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक श्रीदेवी कलबुर्गीला नोकरीला होती. तिला छोट्या मांसल रोपांचा नाद. खोलीच्या खिडकीत वीस-पंचवीस कुंड्या, एकेक चहाच्या कपाएवढी. शिवरात्रीला ती बुटांच्या खोक्यात तसली एक कुंडी घेऊन आली. आत बारीक खडी आणि खडीत रुतलेला करड्या रंगाचा, मधोमध चिरलेला, शेळीच्या खुरासारखा एक गोटा.

"आगं, हे काय? नदीतला दगड आणलीस व्हय?" भागम्मानं विचारलं.

"दगड न्हाई अव्वा, झाड हाय. लिथॉप्स म्हणतेत. लोक नक्षी बगून, रंग बगून जमवतेत." मग ती बापाकडं वळली. "अप्पा, हे तुमच्याच पथ्याचं हाय बगा. पाणी जास्ती झालं की मरतंय."

शंकरप्पा हसले. किती तरी दिवसांनी हसले. "मग हेचं न् माजं जमतंय," म्हणाले.

आढ्याकडं बघत पडून राहणाऱ्या माणसाला काम मिळालं. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवायची. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, दहा वाजता पडदा ओढायचा. दर सोमवारी कुंडी थोडी फिरवायची, नाही तर रोप उजेडाकडं कलतं. हवा कोंडू द्यायची नाही. शंकरप्पा दाढीच्या जुन्या ब्रशनं त्याच्यावरची धूळ झटकायचे, भिंग घेऊन नक्षी बघायचे. नाव ठेवलं पाहुणा. भागम्मा मनातून सुखावली. ज्याला त्याला तिच्याकडून काही ना काही हवंच असायचं, हा एक पाहुणा असा की ज्याला काहीच नको होतं. अशी चार माणसं घरात असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

पाडवा जवळ आला तशी पाहुण्याची चीर रुंदावली आणि आतून एक नवी, चकचकीत जोडी डोकं काढू लागली. बाहेरची जुनी जोडी मात्र सुरकुतायला लागली. शंकरप्पांनी घाबरून लेकीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, भागम्मानं भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं.

"भ्यायचं काय न्हाई अप्पा. जुनी पानं आपलं पाणी नव्या पानाला द्यायलीत. ती कागदावानी वाळूस्तोर एक थेंब टाकायचा न्हाई. माजी शपथ हाय."

"इत्कं सुकलंय की गं."

"सुकू द्या. सुकलं म्हून मरत न्हाई, प्यालं म्हून मरतंय."

फोन ठेवल्यावर शंकरप्पा बराच वेळ कुंडीकडं बघत बसले.

आता हे बसणं समजायचं तर शंकरप्पा कोण होते ते सांगायला हवं. कोळारच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं खिळे-कड्यांचं दुकान होतं. पाडव्याला दुकानासमोर तीन रांजण मांडायचे, भोवती ओली पोती गुंडाळायची आणि मृग निघेपर्यंत पाणपोई चालवायची. ही त्यांच्या वडिलांची चाल. नोकराला कधी बसवलं नाही. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत राहायचं आणि मालक बाहेर लांब दांड्याचं ओगराळं घेऊन बसलेला असायचा. कारखान्यातून सुटलेली माणसं यायची, वाकून ओंजळ धरायची, आणि शंकरप्पा धार सोडायचे. पिणाऱ्यानं पुरे म्हणून मान हलवेपर्यंत त्यांची धार तुटायची नाही. "आनखी? आनखी?" हाच त्यांचा मंत्र. दारात तहानलेला उभा असताना आपल्या ओठाला पाणी लावायचं नाही, हा घरचा नेम. आता दुकान बंद होतं. रांजण कुणी कुणी मागून नेले.

पाडव्यानंतरच्या बुधवारी खिडकीची फळी पुसताना भागम्माला कुंडीच्या मागं औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण सापडलं. टोपण ओलं होतं. ते घेऊन ती तशीच खाटेशी गेली.

"हे काय वो?" तिनं टोपण त्यांच्यापुढं धरलं. "पाणी कुठनं घेतलाव?"

शंकरप्पांनी पांघरूण अंगावर ओढलं.

"न्हाणीतनं घेतलाव न्हवं? संक्रांतीचं इसरलाव? तुमचं पाणी तोडाय मला काय हौस हाय व्हय?"

"न्हाई घेतलो." एवढंच बोलले.

"मग हे ओलं कामून हाय?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दुधानं तोंड पोळलेली भागम्मा, तिनं ताक काय, पाण्याचं टोपणसुद्धा फुंकलं असतं. तिनं न्हाणीच्या नळाची तोटी दोरीनं करकचून बांधली. ते आत गेले की दार उघडंच ठेवायला लावलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, अर्ध्या नौबादला पाणी पाजलेला, मान खाली घालून उघड्या दारात अंघोळ करायला लागला. तिला भरून यायचं, पण त्याहून जास्त भीती वाटायची. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. एकदा तर तिच्या मनात आलं की प्यायचं तेवढं पिऊ दे आणि होऊन जाऊ दे एकदाचं. मग ती पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

शुक्रवारी दवाखान्यात वजनकाट्यावर शंकरप्पा चढले तेव्हा भागम्मानं डोळेच मिटून घेतले. दोन डायलिसिसच्या मध्ये सव्वादोन किलो वाढायचंच. चोरून प्याले असतील तर साडेतीन-चार. मशीनवरची नेत्रावती सिस्टर काट्याकडं वाकून म्हणाली, "अक्का, काय केलाव वो? दोन किलोबी न्हाई वाढलं. असंच धरून ऱ्हावा."

"काटा बरोबर हाय न्हवं?"

"काट्याला काय झालंय?" नेत्रावती हसली.

चार तास भागम्मा बाहेरच्या बाकावर बसून होती. प्याले नाहीत, मग टोपण ओलं कसं? आणि प्याले नाहीत तर आपण दोन दिवस दार उघडं ठेवून केलं ते काय? चोर सोडून संन्याशाला फाशी! तेही चोर कोण ते माहीत नसताना. विचार करून करून तिचं डोकं शिणलं.

घरी आल्यावर त्यांना खाटेवर टेकवलं आणि ती सरळ खिडकीशी गेली. पाहुण्यावर बोट ठेवलं तर बोट आत गेलं. पिकून पडलेल्या बोरासारखं ते मऊ झालं होतं. जुनी जोडी फुटून चिकट पाणी खडीत उतरलं होतं, आतली नवी जोडीही बुडाशी काळी पडली होती. कुबट वास आला.

"गेलं?" खाटेवरून शंकरप्पांनी विचारलं.

"गेलं." ती वळली. "तुमी पाणी घातलाव."

"व्हय."

"कुठलं?"

"माज्या वाट्याचं. दुपारचं टोपणभर, रातचं टोपणभर." त्यांनी डायलिसिसच्या सुया टोचलेला डावा हात उशीवर ठेवला. "सुकायलं होतं गं. समोर त्ये असं सुकलेलं, आन् मी प्यायचं? घोटच उतरेना."

"मग त्या दिशी बोललाव कामून न्हाई? मी कायबाय बोलले, तुमचं दार उगडं ठिवले!"

"लेकीची शपथ मोडलो होतो. काय तोंडानं बोलावं?"

भागम्मा खाली बसली. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात त्राण लागतं. सातशे मिली पाणी, त्यातही वाटा काढला, तोही एका दगडासाठी. आणि त्या पाण्यानंच तो दगडही मेला.

"तुला येक सांगू का," शंकरप्पा आढ्याकडं बघत म्हणाले. "प्याया मिळत न्हाई, त्ये सोसतंय मला. सवय झाली. पाजाया मिळत न्हाई, त्ये सोसत न्हाई. दोन वर्सं झाले, ह्या हातानं कुणाला पाण्याचा थेंब दिलो न्हाई."

तिनं चिकट झालेलं बोट पदराला पुसलं.

"आन् तू सैपाकघराचं दार लावून पितीस. तांब्या कलता करून. मला ऐकू येत न्हाई वाटलं व्हय?"

"मग काय करू?" एकाएकी ती कडाडली. "तुमच्यासमोर पिऊ? दोन वर्सं पोटभर पाणी प्याले न्हाई मी! माजं डोस्कं फुटाय लागतंय, पाय जळतेत. माजी तहान कुणी इचारलंय का?"

"आता इचारायलो की," शंकरप्पा हळूच म्हणाले. "माठ आण."

"कामून?"

"आण म्हणलं न्हवं."

ती उठली. पडवीतला माठ आणताना दोनदा टेकला, इतका जड वाटला. माळ्यावरून ओगराळं काढलं, धुतलं. शंकरप्पा भिंतीला धरून उठले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले. डाव्या हातानं वजन उचलायची मनाई होती, म्हणून ओगराळं उजव्या हातात घेतलं.

"ओंजळ धर."

"तुमाला तरास हुतंय वो, पाणी बगून."

"हुतंय. तरी धर."

भागम्मा त्यांच्यासमोर उकिडवी बसली, लाज वाटून पदर सावरला आणि ओंजळ तोंडाशी नेली. धार आली. बारीक, सरळ, न सांडता. हात थकला होता, पण कसब विसरला नव्हता. गार पाणी घशातून उतरत गेलं. पहिल्यांदा तिनं घाईघाईनं घोट घेतले, मग घाई करायचं काही कारण उरलं नाही. तिच्या कोपरांवरून पाणी ओघळून फरशीवर पडत होतं आणि शंकरप्पा तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होते. ओगराळं रिकामं झालं, त्यांनी पुन्हा भरलं.

"आनखी?" त्यांनी विचारलं.

तिची तहान कधीच भागली होती. पुरे वाटलं की मान हलवायची असते, हे तिला माहीत होतं. तिनं ओंजळ तशीच धरली आणि मान हलवली नाही.