आजारी मुलांची खोली

"आधी कपाळ दाखव. मग दप्तर उचल."

"बरी आहे गं मी!" असं म्हणत माझी ठकी पुढे झाली. मी घाईघाईत कपाळाला हात लावला. गार होतं. कानाजवळचे केस ओले दिसले, डोळेही जरा लाल वाटले. पण मला उशीर होत होता. आम्ही मायलेकी निघालो.

तिच्याच शाळेत आजारी मुलांची खोली मी सांभाळते. पोरांच्या क्लृप्त्या मला पाठ आहेत. गणिताच्या तासाला दुखणारं पोट खेळाच्या तासाला आपोआप थांबतं. कुणी कपाळ चोळून चोळून तापवून येतं. म्हणून शाळेत मी कपाळाला हातच लावत नाही. मानेमागे, केसांखाली बोटं घालते. तिथं लबाडी चालत नाही. औषध पाजून पोराला शाळेत ढकलणाऱ्या आयांनाही मी सोडत नाही. "अहो, आज घरीच ठेवायचं की हो लेकराला!" त्या म्हणतात, "रजा नाही हो, मावशी." रजा मला तरी कुठे आहे?

मधल्या सुट्टीनंतर वर्गाच्या बाई ठकीला घेऊन आल्या. "मावशी, ही तुमचीच हो. नुसती फणफणलीय."

मानेमागे बोटं घातली, तर चटकाच बसला.

"सकाळी गार कशी लागलीस गं?"

"नळाखाली डोकं धरलं होतं." पठ्ठी चक्क खुशीत होती.

"अगं बये, कशाला पण?"

"घरी ठेवलं असतंस, तर शेजारच्या काकूंकडे बसावं लागलं असतं. इथे तू असतेस ना!" ती आपणहून खाटेवर चढली आणि आडवी झाली. "आता मला पण कर. त्या सगळ्यांना करतेस तसं."

मी तिला पांघरूण घातलं, ओली पट्टी ठेवली, केसांतून हात फिरवत बसले. तिनं माझं बोट घट्ट धरलं आणि डोळे मिटले. किती दिवसांनी आम्ही दोघी अशा दिवसाउजेडी शांत बसलो होतो! वाटलं, आज शाळा सुटूच नये.

पण ताप असलेलं मूल शाळेत ठेवायचं नाही, असा नियम आहे, आणि सगळ्यांना तो ऐकवणारी मीच. बाई परत डोकावल्या. "घरी कळवलंत ना? तुम्हालाच सोडलं असतं हो, पण मग या खोलीत कोण थांबणार?"

त्यांचं खरं होतं. मी काकूंना फोन केला. एरवी काकू कोपऱ्यावर गेल्या तरी दारोदार गप्पा मारत तासाभरानं उगवतात. आजही तसंच व्हावं, असं मनापासून वाटत होतं. पण आज मेल्या धावतच आल्या.

"चल गं माझी राणी," काकू म्हणाल्या.

ठकी रडली नाही. उठून चपला शोधू लागली. "झालं एवढ्यात?" एवढंच तिनं विचारलं.

"संध्याकाळी येतेच ना मी."

"संध्याकाळी तू दमलेली असतेस."

काकूंनी तिला खांद्यावर घेतलं. फाटकापर्यंत जावं म्हणून मी वळले, तर दारात पहिलीतलं एक लेकरू उभं. ओकून सगळा सदरा भरलेला, आणि "आई पाहिजे" म्हणून टाहो फोडलेला. मी त्याला आत घेतलं, तोंड धुतलं, त्याच्या घरी फोन लावला. खाटेवरची चादर बदलली आणि त्याला जवळ घेऊन बसले.

"येतेय हं तुझी आई. निघालीसुद्धा."

"नक्की?" त्यानं हुंदके देत विचारलं.

"म्हणजे काय? पोर आजारी असल्यावर आई येणार नाही होय?" मी रोजच्यासारखं बोलून गेले.

त्याचं रडं थांबलं.