बाईंची सायकल आणि मी

मी रॅक बोलतोय. सायकलीच्या मागच्या चाकावर असतो तो कॅरियर नव्हे. त्याचा-माझा काही संबंध नाही. मी मोटारीच्या पाठीला बसतो आणि अख्खी सायकल उचलतो. दोन वाकवलेल्या नळ्या, पुढे आलेले दोन हात, काच खरवडू नये म्हणून रबराच्या गाद्या आणि सहा पट्टे, एवढाच माझा पसारा.

कारखान्यातलं सांगण्यासारखं फारसं नाही. वाकवलं, रंगवलं, खोक्यात घातलं. दुकानात मी आठ महिने धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस एक शिंपी आले, गळ्यात टेप तशीच. किंमत विचारायच्या आधी त्यांनी माझं माप घेतलं.

"लहान गाडीला बसेल ना?"

"बसेल की. पट्टे ओढून घ्यायचे, झालं," दुकानदार म्हणाला.

घरी आल्यावर कारण कळलं. मालकांची, म्हणजे त्या शिंप्यांची, बायको शाळेत शिकवायची. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, पण बाईंनी धास्ती घेतली ती घेतलीच. जिना चढताना मध्येच थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या. शाळेचं नावही काढत नव्हत्या. सायकल चालवा, पण सुरुवातीला सपाट रस्त्यावर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या घराकडे कुठूनही या, चढच. सपाट रस्ता नऊ किलोमीटरवर, तळ्याच्या काठाने. म्हणून माझी खरेदी.

मला बसवायच्या दिवशी बाई पायरीवर बसून माहितीपत्रक वाचत होत्या, शुद्धलेखन घातल्यासारखं, एकेक शब्द सावकाश.

"वरचे हुक डिकीच्या दाराच्या पत्र्याला अडकवावेत. काचेला नव्हे."

"कळतं मला."

"मग काचेला का लावताय?"

मालकांनी गुपचूप हुक काढून पत्र्याच्या कडेला लावला. वरचे दोन, बाजूचे दोन, खालचे दोन. सगळे ओढून मला गदागदा हलवलं, तर माझ्याबरोबर गाडीही हलली. म्हणजे मी नीट बसलो होतो.

घोटाळा पुढे झाला. पट्टे ओढल्यावर प्रत्येकाचं हातभर टोक लोंबत राहिलं. शिंपी माणूस! लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडे जाणारच. बाई पाणी प्यायला आत गेल्या तेवढ्यात यांनी सहाही टोकं बकलाजवळ कापली आणि उसवू नयेत म्हणून मेणबत्तीवर कडा वितळवल्या. काम इतकं सुबक झालं की मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाईंनी परत येऊन पुढची ओळ वाचली, "उरलेल्या टोकांची बकलाजवळ गाठ मारावी."

"गाठबीठ नको. दगडासारखा बसलाय," मालक म्हणाले. चेहरा मात्र जरा उतरला होता.

रविवारी सकाळी निघालो. बाईंची सायकल जुनी, मधला दांडा तिरका, त्यामुळे ती माझ्या हातांवर कलंडून बसली. तिसऱ्या गतिरोधकावर वरचा एक पट्टा बकलातून सरकायला लागला. गाठ असती तर अडला असता. नव्हती, म्हणून सुळकन निसटला. मी एका बाजूला झुकलो आणि सायकलीचं पुढचं चाक रस्त्यावर घासायला लागलं. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून गाडी थांबवली.

चाकाला बाक आला होता. तो काढता आला असता. पण बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "चला घरी. माझ्याच्याने नाही व्हायचं हे आता. आपण उगीच हट्ट करतोय."

मला फार वाईट वाटलं. चार महिन्यांनी एवढी उभारी धरून बाई घराबाहेर पडल्या होत्या, आणि आम्ही दोघांनी ती घालवली.

सुटे पट्टे मिळत नव्हते. "अख्खा रॅकच नवा घ्या," दुकानदार म्हणाला. मालकांनी मग ट्रकवरचा माल बांधतात तसला जाड पट्टा आणला, माझे हुक आणि बकलं काढून त्यावर चढवली, आणि प्रत्येक जोडावर शिलाईचा चौकोन घालून आत फुली मारली. सुया तीन मोडल्या. मग एकेक पट्टा आपल्या शिवणाच्या दुकानाच्या शटरवरच्या दांड्याला अडकवून ते स्वतः त्याला लोंबकळले. पोट सुटलेला माणूस, पाय हवेत! समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून बघायला आला.

"काय हो, आता झोके घ्यायचं वय राहिलंय का?"

"बायको बसणार नाहीये यावर, तिची सायकल बसणार आहे. तरी बघतोय," मालक म्हणाले.

ही गोष्ट न्हाव्याच्या बायकोकडून बाईंपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी बाई आपणहोऊन बाहेर आल्या, सहाही टोकांना त्यांनी स्वतः गाठी मारल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी तळ्याकाठी सायकल नुसती हातात धरून चालवली. नंतर एक फेरी, मग तीन. पावसाळा सोडला तर एक रविवार चुकला नाही. दीड वर्ष गेलं. बाई शाळेतही जायला लागल्या होत्या. एका रविवारी तळ्यावरून घरी निघताना मालक सायकल माझ्यावर चढवायला लागले, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी येते चालवत."

"अगं, शेवटचा चढ केवढा आहे!"

"बघू या ना."

गाडी बैलगाडीच्या चालीने पुढे, बाई मागे. मालकांना आरशात धड दिसत नव्हतं, माझे हात मध्ये येत होते. मला सगळं दिसत होतं. चढाच्या पायथ्याशी मालकांनी न राहवून गाडी थांबवली, खाली उतरले आणि सायकल चढवावी लागेल म्हणून माझा पट्टा ओढून बघत उभे राहिले. बाई आल्या, घामाने चिंब, तोंड लालबुंद. थांबल्या नाहीत. "सरका, सरका," म्हणत पुढे गेल्या आणि चढ चढून वळणाआड दिसेनाशा झाल्या. पट्टा हातात धरून मालक रडले. माझ्याकडे तोंड करून उभे होते, म्हणून ते फक्त मला दिसलं.

तेव्हापासून मी दुकानात खुंटीला आहे. सहा महिने झाले. मालक दर आठवड्याला माझ्या बकलांना तेल देतात. बाई म्हणतात, "देऊन टाका कुणाला तरी." मालक म्हणतात, "असू दे. लागलाबिगला तर?"

काल एक मुलगी आली होती. तिच्या वडिलांचं बाईंसारखंच ऑपरेशन झालंय. ते उंबरठ्याबाहेर पडत नाहीत, आणि त्यांची गाडीही लहानच आहे. तिने माझ्याबद्दल विचारलं. मालक म्हणाले, "बघून सांगतो."

मालक, बघायचं काय त्यात? तुमची भीती मला कळते. बाईंना पुन्हा काही होणार नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण मला खुंटीला टांगून ठेवल्यानेही ते टळणार नाही. तिकडे एक माणूस आजही घरात बसून आहे. मला काढा आणि त्यांच्याकडे पोचवा. बाई तुमच्याकडेच आहेत.